४०७ ची सहा चाकं: अलॉय, व्हील कप की आहे तीच डिस्क (प्रकल्प नोंदी)

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार

काल बाप्पा गेले, आज परत गाडीकडे. केबिनचा रंग झालाय, हौद्याचं लाकूड बदलून झालंय (माप तेच ठेवलंय, आरसीला हात लावायचा नव्हता), फाळक्याच्या कड्या नवीन, आणि आता चाकांकडे बघवत नाही. पांढरी केबिन, खाली गंजकी लाल-काळी चाकं, मधल्या हबवर जुन्या ग्रीसचा थर. दादाचं म्हणणं एकच, दसऱ्याला पूजेला गाडी उभी राहिली की चमकली पाहिजे. पुतण्याचं म्हणणं अलॉय टाका काका, रील्सवर बघा कसल्या दिसतात. माझं म्हणणं अजून ठरलेलं नाही म्हणून ह्या नोंदी.

गाडी टाटा ४०७, २०१४ मॉडेल, एमएच-११ म्हणजे सातारा, मागं डबल टायर. आमच्याकडं उसाची रोपं, ट्रे, कोकोपीटची पोती आणि सीझनला आलं असं सगळं वाहते, म्हणजे शोची गाडी नाही, कामाची आहे. पण कामाची गाडी वाईट दिसावी असा काय नियम नाही. ४०७ बाजारात आली १९८६ ला, तेव्हा समोर सगळ्या जपानी जोडीच्या गाड्या होत्या, डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, ऑल्विन निसान, आयशर मित्सुबिशी, त्यातल्या निम्म्या आता कुणाला आठवत पण नाहीत आणि ही अजून कोरेगाव रोडला ऊस, आलं, मंडपाचं सामान घेऊन पळतेच आहे.

प्रश्न तीन आहेत. अलॉय (ॲल्युमिनियमची चमकती चाकं) बसतात का, बसत असतील तर परवडतात का, आणि नसतील तर स्टीलचे व्हील कप (चाकावर बसवायची झाकणं) लावायचे की नुसता रंग मारायचा.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळी कासला जाणाऱ्यांची रांग लागायच्या आत वाढे फाट्यावरून वॉशिंग करून आणली. फुलांचा सीझन आहे, रविवारी यवतेश्वर घाटाकडे तोंड केलं की संपलं.

घरी आल्यावर डाव्या बाजूची चाकं उतरवली, पुढचं एक, मागची दोन. ज्यांनी डबल टायरची गाडी कधी खोलली नाही त्यांच्यासाठी लिहितो, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर अवलंबून आहे. पुढं आणि मागं डिस्क (चाकाचा लोखंडी भाग, ज्याच्यावर टायर चढतं) एकच असते. स्टेपनी पण तीच. पुढच्या बाजूला ती अशी बसते की मधला भाग बाहेर फुगलेला दिसतो, टायर आत. मागं आतलं चाक तसंच बसतं, आणि बाहेरचं चाक उलटं करून त्याच्या पाठीला पाठ लावतात, म्हणून ते बाहेरून खोल थाळीसारखं दिसतं आणि मधून ॲक्सलचा फ्लँज (टोकाची चकती) पुढं आलेला असतो. दोन्ही डिस्क एकाच स्टडवर (नट ज्याच्यावर आवळतात तो बोल्ट), एकाच नटाखाली. म्हणजे मागचा नट दोन चाकं धरून ठेवतो.

म्हणून डबल टायरच्या गाडीला "चारी चाकं सारखी दिसली पाहिजेत" हे डोक्यातून काढायचं. पुढं फुगीर आणि मागं खोल हेच तिचं रूप. व्हील कप घेतले तरी पुढचे वेगळे आणि मागचे वेगळे.

मावसभाऊ टेक्सासला असतो, त्याला फोटो टाकले. त्याच्या शेजाऱ्याकडं फोर्ड एफ-३५० आहे, मागं डबल टायरवाली, तिकडं ह्याला ड्युअली म्हणतात. त्यानं तिचे चाकांचे फोटो पाठवले, काय चमक आहे राव. पण त्याला म्हटलं जरा खाली वाकून आतल्या चाकाचा फोटो काढ, तर आतलं चाक साधं काळं लोखंडी. पुढं अलॉय, मागं बाहेर अलॉय, आत लोखंड. तिकडच्या कंपन्या सुद्धा असंच देतात, जे दिसत नाही त्याच्यावर पैसे घालवत नाहीत. आणि तिकडं पण सगळं एकमेकात बसत नाहीच, फोर्डच्या ह्याच मॉडेलला सिंगल टायर असेल तर आठ नट आणि पीसीडी (सगळ्या स्टडच्या मधून जाणाऱ्या गोलाचा व्यास) १७० मिमी, डबल टायर असेल तर आठच नट पण २०० मिमी, आणि जीएमच्या डबल टायरवाल्याला २०११ पासून २१०. नुसतं "आठ नटाचं आहे" म्हणून चाक उचललं तर गेले पैसे.

आपल्या गाडीचं पीसीडी मोजून ठेवलं. नट सम संख्येचे असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडचं सेंटर ते सेंटर मोजायचं, पाच नट असतील तर शेजारशेजारच्या दोन स्टडमधलं अंतर घेऊन ०.५८८ नं भागायचं. मधल्या भोकाचं माप पण घेतलं, ते लोक विसरतात. वहीत लिहिलंय.

२५ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस पाऊस नुसता कोसळतोय, शेड गळतंय, बाहेर काही होण्यासारखं नाही म्हणून बसून अलॉयचा हिशोब केला. हा भाग जरा लांबणार.

आपली चाकं १६ इंची, ट्यूबवाली, टायर ७.५०-१६. डिस्कला बाहेरून रिंग असते, टायर घालून रिंग बसवायची, हवा भरली की ती लॉक होते. ह्या १६ च्या ट्यूबवाल्या बैठकीचं अलॉय मला तरी कुठं मिळालं नाही, पुण्यात दोन फोन केले तर माणूस हसला. ट्रकची फोर्ज्ड ॲल्युमिनियमची चाकं मिळतात ती मुख्यतः २२.५ ची, मोठ्या गाड्यांना. आपल्यासारख्या छोट्या गाडीला जवळचं म्हणजे १७.५, ट्यूबलेस. म्हणजे अलॉय घ्यायचे तर टायर पण सहा नवीन (स्टेपनी धरून सात). इथंच दादाचा चेहरा पडला.

तरी पुढं गेलो. १७.५ मध्ये दोन साईज बघितल्या. २१५/७५ आर १७.५, उंची काढायची तर २१५ चे पाऊण म्हणजे १६१, दोन्ही बाजूंचे ३२२, अधिक १७.५ इंच म्हणजे ४४४, एकूण साधारण ७६७ मिमी. आपलं ७.५०-१६ आठशेच्या थोडं वर, ८०५ धरा. म्हणजे चाक जवळपास पाच टक्के बारीक. मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी ५७ ला असेल, घाटात चढायला जरा बरं पडेल पण हायवेला इंजिन जास्त ओरडणार. दुसरी साईज २३५/७५ आर १७.५, तिची उंची ७९७, एकदम जवळ. म्हटलं जमलं.

नाही जमलं. २३५ रुंद आहे. आपलं टायर सव्वादोनशेच्या आतलं. डबल टायरमध्ये दोन टायरच्या मधोमध ते मधोमध जे अंतर असतं ते डिस्कच्या ऑफसेटच्या (डिस्क जिथं टेकते तिथपासून टायरच्या मधोमधपर्यंतचं अंतर) दुप्पट. ते अंतर तेच ठेवून रुंद टायर घातलं की दोन्ही टायरच्या गालांमधली फट कमी होते. आणि फट बघायची ती वरून नाही, खालून, जिथं टायर जमिनीवर दबून फुगतं, ते पण गाडी भरलेली असताना. आमच्या गाडीत आत्ताच भरल्यावर खाली दोन बोटं नीट जात नाहीत. गाल गालाला घासला की गरम होतो, टायरच्या आतलं कापड सुटतं आणि एक दिवस दोन्ही टायर बरोबर जातात. वर त्या फटीत खडी अडकते ते वेगळंच, खाणीच्या रस्त्याला जाणाऱ्यांना विचारा, तो दगड सुटला की मागच्या गाडीची काच.

मग ऑफसेट वाढवलेलं चाक घ्या असं कोणी म्हणेल. घ्या, पण सहाही चाकं एकाच डिस्कची ना. ऑफसेट वाढला की मागचं बाहेरचं टायर आणखी बाहेर जाणार, आतलं आणखी आत स्प्रिंगच्या पाट्यांकडं जाणार, आणि पुढचं चाक आत सरकणार म्हणजे स्टेअरिंग पूर्ण फिरवल्यावर कुठं लागतंय का ते बघायचं. एका बाजूला चमक आणि दुसऱ्या बाजूला हे एवढं सगळं.

लोडचं पण एक आहे. टायरवर १२६/१२४ असे दोन आकडे असतात ते का, तर पहिला सिंगल लावल्यावर, दुसरा डबल लावल्यावर. १२६ म्हणजे १७०० किलो, १२४ म्हणजे १६००. डबलमध्ये प्रत्येक टायरची ताकद कमी धरतात कारण दोघांवर वजन सारखं कधीच येत नाही. टायर बदलायचा विचार करणाऱ्यांनी दुसरा आकडा बघायचा, पहिला नाही.

आणि शेवटी कागद. ट्रान्सपोर्ट गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या टायरची संख्या आणि साईज लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायचा नाही. आमची गाडी आठ वर्षांच्या वरची, म्हणजे फिटनेस दरवर्षी. दरवर्षी तिथं उभं राहून १७.५ कसं आलं ते समजावून सांगायची माझी तयारी नाही.

फायदे नाहीत असं नाही. ट्यूबलेस डिस्क एकसंध असते, रिंग उडायची भानगड नाही, चाक हलकं, पंक्चर झालं तर हवा हळू जाते. नवीन गाडी घेताना ट्यूबलेस मिळत असेल तर तीच घ्या. पण जुन्या ४०७ ला ओढून-ताणून अलॉय, नको. पुतण्याला हिशोब दाखवला, तो म्हणाला "मग नुसते पुढं दोन टाकू या की." बाळा, मग स्टेपनी कुठली?

२९ सप्टेंबर, रविवार

काल निगडीला ट्रान्सपोर्टनगरीत काम होतं, तिथं व्हील कप बघून आलो. दाजी बरोबर होते, त्यांनी वीस वर्षं ट्रॅव्हलर आणि मिनीबस चालवल्यात, त्यांना ह्यातलं लई कळतं आणि ते बोलत पण कमी नाहीत.

स्टीलच्या कपाचे ढोबळ दोन प्रकार. एक पूर्ण चाक झाकणारा, पुढचा टोपीसारखा फुगीर आणि मागचा खोल, खोट्या नटांचे उठाव काढलेला, लांबून अगदी अलॉय वाटतो. दुसरा नुसता मधला हब झाकणारा, नट उघडे राहतात. किमतीत बराच फरक आहे, पूर्ण सेट साडेचार हजाराच्या आसपास सांगितला, मधले नुसते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात.

दुकानदारानं लोहचुंबक काढलं, कपाला लावलं, चिकटलं नाही, "बघा शेट, ओरिजनल ३०४ आहे". ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल निम्म्यावर आणतात आणि मँगनीज वाढवतात, स्वस्त पडतं. पण चुंबक दोघांनाही चिकटत नाही! चुंबकानं फक्त ४३० सारखं चिकटणारं स्टील ओळखता येतं. २०२ ओळखू येतं ते एका पावसाळ्यानंतर, नटाच्या कडेला आणि वाकवलेल्या जागी चहाच्या रंगाचे डाग पडायला लागले की. आमच्याकडं चिखल, शेणखत, कोकोपीटचं पाणी हे सगळं चाकावर असतं त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही. दाजी म्हणाले बिलावर ग्रेड लिहून द्या. दुकानदार लगेच म्हणाला चहा घेणार का.

दुसरी गोष्ट बघितली ती म्हणजे कप धरून कसा राहतो. पूर्ण कपाच्या मागं पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या दोन नटांच्या खाली दाबायच्या आणि त्याच्यावर कप स्क्रूनं. हे मला पटलं नाही. नट आणि डिस्कच्या मधे पातळ पत्रा घातला की तो दाबला जातो, दबला की नटाचा ताण उतरतो, आणि इथं एका नटावर दोन चाकं आहेत. काही कपांची पट्टी नट पूर्ण आवळल्यावर वरून वेगळ्या छोट्या नटानं धरते, ती रचना बरी, पण त्याला स्टड तेवढा बाहेर यायला पाहिजे, आणि मागं दोन डिस्क घातल्यावर आमच्या स्टडचं टोक नटाबाहेर किती येतं तर जेमतेम.

काहीच घेतलं नाही. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, पुण्याला जाऊन रिकाम्या हातानं आलास?

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. आजची नोंद महत्त्वाची.

वाढे फाट्याच्या पंक्चरवाल्या मामांकडं मागची चाकं नेली होती, आतल्या टायरची ट्यूब बदलायची होती. त्यांना विचारलं मामा, मागं पूर्ण कप लावावा म्हणतोय. मामांनी मान पण वर केली नाही, म्हणाले, "लाव की. पण मग आतल्याची हवा कोन बघनार? तू का म्या?"

आतल्या टायरचा व्हॉल (हवा भरायचा व्हॉल्व्ह) बाहेरच्या डिस्कच्या भोकातून बाहेर यावा लागतो, तिथूनच हवा बघायची. आता त्याच्यावर कप आला तर कपाला पण त्याच जागी भोक पाहिजे, आणि चाक घातल्यावर, फिरवल्यावर, पंक्चर काढून परत बसवताना ते दर वेळी जुळलं पाहिजे. जुळलं नाही की माणूस काय करतो? बघू उद्या. आणि डबल टायरमध्ये "बघू उद्या" महाग पडतं, कारण आतलं टायर बसलं तरी गाडी बसत नाही. बाहेरचं एकटं सगळं वजन घेत राहतं, ड्रायव्हरला पत्ता लागत नाही, आतलं दबून घासून तापतं, बाहेरचं जास्त वजनानं तापतं. सिंगल टायरवाल्याला पंक्चर लगेच कळतं, गाडी ओढते. डबलवाल्याला वास आल्यावर कळतं. म्हणून जुने ड्रायव्हर थांबले की टामी (लोखंडी दांडा) घेऊन प्रत्येक टायर ठोकतात, टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर खाली बस.

मग मी घरी येऊन एक उद्योग केला. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, मागच्या चाकाच्या मापाचा गोल कापला, निगडीला बघितलेल्या कपाला जिथं भोकं होती तशी पाडली, सुतळीनं चाकाला बांधला आणि म्हटलं आता हवा बघून दाखवा. पुतण्याला दिलं, दादाला दिलं. बाहेरच्या टायरचा व्हॉल सापडला. आतल्याला गेज नीट बसेना, तिरकं लागतंय आणि फुस्स करून हवाच जातेय. व्हॉलला लांबवायची नळी लावली तर बसतं, पण नळी मोकळी लोंबत असेल तर चाकाच्या फिरण्यानं हलत राहते, मुळाशी गळायला लागते, तिला आधाराची क्लिप लागते. आणि पुठ्ठ्यामुळं एकही नट दिसत नाही. नट ढिला झाला की त्याच्या कडेनं गंजाची रेघ निघते, बाहेरच्या बाजूला ओघळलेली, ती बघूनच निम्मे लोक वाचतात. कपाखाली ती दिसणार नाही.

दादा बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत होता. नंतर म्हणाला मागचे नको.

कुणी विचारलं डबल टायरला व्हील कप कुठला घ्यावा, तर माझं उत्तर आता हेच, दुकानात जायच्या आधी पुठ्ठा कापा आणि आतल्या टायरची हवा बघून या. डिझाईन नंतर.

५ ऑक्टोबर, शनिवार

ठरलं. डिस्क त्याच, सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग, फिकट सिल्व्हर. पुढं पूर्ण कप पण नट उघडे राहतील अशा कापाचा, पुढं आतलं टायर नसल्यानं व्हॉलचा प्रश्नच नाही. मागं फक्त ॲक्सलच्या फ्लँजवर स्टीलची टोपी. नटांना काळा रंग नाही, काही नाही, नुसते साफ. वर पिवळे इंडिकेटर लावायचे ठरवलंय, ते प्लॅस्टिकचे बाण असतात, नटावर दाबून बसवायचे, शेजारच्या दोघांची टोकं एकमेकांकडं करायची. नट फिरला की टोक हलतं, लांबूनच दिसतं.

पुतण्याचं मत "म्हाताऱ्याची गाडी". असू दे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

जुन्या एमआयडीसीत पावडर कोटिंगला डिस्क टाकल्या, डिस्कला आठशे, ब्लास्टिंग धरून. टायर, ट्यूब, रिंग सगळं आधीच काढून नेलं, भट्टी १८०-२०० डिग्रीला असते.

तिथं पोरगा सगळी डिस्क गुळगुळीत रंगवायला निघाला होता, त्याला थांबवलं. डिस्कचा जो भाग ड्रमला टेकतो, जो भाग दुसऱ्या डिस्कला टेकतो, आणि नटाची बैठक, तिथं रंग नको. ह्याचं कारण समजून घ्या. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन. सिंगल चाकात दोन बाजूंचे दोन थर. डबलमध्ये दोन डिस्क, म्हणजे चार थर एका नटाखाली, तीनशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पाव मिलिमीटरच्या वर. नट आवळला तेव्हा घट्ट वाटतो, मग गाडी चालते, ड्रम तापतो, रंग दबतो, चुरगळतो आणि तेवढा नट ढिला. "नवीन रंगवलेल्या चाकाचे नट सुटले" हे ऐकतो ते ह्यातूनच. ड्रमला टेकतो तिथं प्रायमरचा हलका हात चालतो, जाड थर नाही. त्यानं उष्णतेला टिकणारी टेप लावली, नटाच्या भोकांना सिलिकॉनची बुचं घातली. जरा कुरकुरला, पण लावली.

लॉक रिंगा वेगळ्या तपासल्या. दोन रिंगांची टोकं खाल्लेली, त्या सरळ भंगारात टाकल्या, नवीन घेतल्या. ही गोष्ट दिसायची नाही पण रिंगेत पैसे वाचवू नका, हवा भरताना ती उडाली तर माणूस जातो. हवा भरताना पिंजरा, नसेल तर चाक उलटं, रिंग जमिनीकडं करून, आणि आपण बाजूला. मामा साखळी गुंडाळतात चाकाला, ते काही नसण्यापेक्षा बरं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

डिस्क आल्या. छान झाल्यात, खरंच छान. आज जोडणी.

आधी टायरच्या जोड्या लावल्या. डबलमध्ये शेजारशेजारच्या दोन टायरच्या उंचीत फरक चालत नाही, आपल्या साईजला साधारण ६ मिमीच्या आत पाहिजे, नाहीतर मोठं टायर सगळं वजन घेतं आणि बारीक टायर रस्त्यावर नुसतं घासत जातं कारण दोघांना एकाच वेगानं फिरायचंय. परीघ टेपनं मोजला, जोड्या बदलल्या, थोडा बारीक असलेला आत घातला. एक टायर झिजून गोटा झालेलं होतं ते बाजूलाच काढलं.

मग आतलं चाक, त्याचा व्हॉल एका बाजूला, बाहेरचं चाक अशा रीतीनं की त्याचा व्हॉल बरोबर समोरच्या बाजूला, १८० अंशात. म्हणजे दोन्ही हाताला वेगवेगळे येतात आणि कुठला कुठल्याचा हा गोंधळ होत नाही. आतल्याला नळी लावली, क्लिप लावली. स्टडचे आटे वायर ब्रशनं साफ केले, टेकायच्या जागा पुसल्या, तेल लावलं नाही. नट हातानं सगळे बसवले मग समोरासमोर असे आवळत गेलो, गोल गोल नाही. शेवटचं आवळणं चाक जमिनीवर टेकवून, टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. टॉर्क पाना दाजींच्या ओळखीच्या गॅरेजमधून आणला. आपल्याकडं पान्याला पाईप घालून वर उभं राहून उड्या मारायची पद्धत आहे, त्यानं नट घट्ट होतो की स्टड ताणला जातो हे कळायचा काही मार्ग नाही.

पुढचे कप लावले. नट दिसतात, पाना जातो, कप न काढता टॉर्क देता येतो. हीच अट होती. मागं टोप्या.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

पूजा झाली. झेंडूचं तोरण, चाकाखाली लिंबू, दादा खूश. शेजारच्यांनी विचारलं नवीन गाडी काय, दादा म्हणाला व्हय. मी काही बोललो नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट परत आवळायचे हे आधीच ठरलेलं, ते कराडला रोपं टाकून आल्यावर लगेच केलं. सगळे जागेवर, मागच्या उजव्या बाजूचे दोन थोडे फिरले, ते चालतं, डिस्क बसते. म्हणूनच पहिल्यांदा आवळल्यावर काम संपत नाही. त्यानंतर पिवळे बाण लावले.

काल पसरणी घाटातून भरलेली गाडी पाचगणीहून खाली आणली, वाईत थांबून हाताची पाठ जवळ नेऊन बघितली, चारही बाजूंनी उष्णता सारखीच. पुढच्या कपाला आतून हवा जायला भोकं आहेत ती बुजलेली नाहीत ना तेवढं धुताना बघायचं, आणि मागं तर उघडंच आहे. बाण जसेच्या तसे.

सहा दिवसांत चिखलानं सिल्व्हर रंग परत तपकिरी झालाय, पण पाणी मारलं की निघतो, आधी निघत नव्हता. पुढच्या कपावर दुकानदारानं बिलात शेवटी ग्रेड लिहून दिली (साताऱ्यातच घेतले, निगडीचे नाही घेतले), आता डाग पडतात का ते पुढचा पावसाळा सांगेल.

राहिलेलं: स्टेपनीची डिस्क अजून लालच आहे, ती पुढच्या लॉटला टाकायची. मागच्या मडफ्लॅपची साखळी तुटलीय. आणि पुतण्याला टायर ठोकायला शिकवायचंय, आवाज ओळखता येत नाही त्याला अजून.